निवृत्तिवेतन : एक शब्द आणि चार व्यवहार

शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या दत्तक्षेत्राला सरकारी कागदांत नृसिंहवाडी म्हणतात. यात्रेकरूंच्या तोंडी ती नरसोबाची वाडी असते, आणि पंचक्रोशीतल्या माणसाला नुसते ‘वाडी’ म्हटले तरी पुरते. नावे तीन, स्थळ एक. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रकार नवा नाही. परंतु याच वाडीच्या घाटावर सायंकाळी बसणाऱ्या वृद्धांचे बोलणे लक्ष देऊन ऐकले, तर नेमका याच्या उलट प्रकार आढळतो. तेथे नाव एक असते आणि त्या नावाखाली वस्तू अनेक असतात. ते नाव म्हणजे ‘पेन्शन’.

प्रस्तुत लेखकाचे घर वाडीत असल्यामुळे हे बोलणे ऐकण्याचा प्रसंग त्याला वारंवार येतो. नोव्हेंबर महिना आला म्हणजे त्याला विशेष भर येतो. कारण तो हयातीच्या दाखल्याचा महिना. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, साखर कारखान्यात उमेद घालवलेला एक कामगार, सत्तरी ओलांडलेली एक शेतमजूर बाई आणि २००५ नंतर नोकरीस लागलेला एक तरुण शिक्षक अशी चार माणसे एकदा एकत्र बसली होती. चौघांच्याही बोलण्यात ‘पेन्शन’ हाच शब्द होता. मध्येच कारखान्यातील गृहस्थांनी विचारले, “गुरुजी, तुमची पेन्शन दर साल वाढते, माझी निघाली त्या दिवसापासून आहे तिथंच आहे. पेन्शन पेन्शनमध्ये असा फरक का?” गुरुजींना उत्तर देता आले नाही. “सरकारचं काय ते सरकारला ठाऊक,” एवढेच ते म्हणाले.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रश्न अर्थशास्त्राचा व कायद्याचा आहे हे खरेच; पण तो भाषेचाही आहे. वृद्धापकाळाची सार्वजनिक तरतूद टिकवावी असे म्हणणाऱ्यांना प्रथम हे सांगावे लागते की, टिकवावयाचे ते नेमके काय. आणि ते सांगताना ज्या शब्दाचा आधार घ्यावा, तो शब्दच चार भिन्न व्यवहारांवर सारखाच बसवलेला आहे.

१. शब्दाची घडण

‘पेन्शन’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला. त्याचे मूळ वजन करणे, तोलून देणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. मराठीत तो स्त्रीलिंगी झाला आणि इतका रुळला की त्याभोवती स्वतंत्र वाक्प्रयोग तयार झाले. पेन्शन ‘मिळते’, ‘बसते’, ‘लागते’. मनुष्य ‘पेन्शनीत निघतो’. आणि थोड्या उपहासाने बोलावयाचे असेल तर तो पेन्शन ‘खातो’. ‘निवृत्तिवेतन’ हा त्याचा राजभाषेतील प्रतिशब्द नपुंसकलिंगी असून तो कागदावर जितका दिसतो तितका तोंडी ऐकू येत नाही. तो ‘मंजूर’ होतो, ‘प्रदान’ होतो किंवा ‘अदा’ केला जातो.

या क्रियापदांतील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. ‘बसणे’ आणि ‘लागणे’ यांत कर्ता दिसत नाही. पाऊस लागावा किंवा घडी बसावी, तशी पेन्शन आपोआप, नियमाने येते असे बोलणारा मानतो. ‘मंजूर’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘पाहिलेले’, म्हणजे वरिष्ठाच्या नजरेस आलेले व त्याला पसंत पडलेले, असा आहे. ‘नजर’ हा त्याचाच सगोत्र शब्द होय. एकाच रकमेविषयी बोलताना घेणारा नियमाची भाषा बोलतो आणि देणारा नजरेची.

‘निवृत्तिवेतन’ या समासातही एक अडचण दडलेली आहे. ‘वेतन’ म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. ज्यावर मनुष्य उपजीविका करतो ते वेतन, या अर्थाने ‘वैतनिक’ हा शब्द पाणिनीच्या व्याकरणात सिद्ध केलेला आहे. ‘निवृत्ती’ म्हणजे कामापासून मागे फिरणे. कामापासून मागे फिरलेल्याला कामाचा मोबदला कसा, असा प्रश्न समासाचा विग्रह करताच उभा राहतो. त्याची उत्तरे दोनच संभवतात. एक तर ती रक्कम पूर्वीच केलेल्या कामाचे राखून ठेवलेले वेतन आहे, किंवा ते वेतन नव्हेच, तर देणाऱ्याची कृपा आहे. निवृत्तिवेतनाचा अलीकडचा सारा इतिहास या दोन उत्तरांमधील वादाचा इतिहास आहे.

२. अन्नाचे माप

निवृत्तांची तरतूद ही कल्पना सर्वस्वी पाश्चात्त्य नाही. कामावर असताना मरण पावलेल्या सेवकाच्या बायकामुलांना अन्न व वेतन द्यावे असे कौटिलीय अर्थशास्त्र सांगते. चाळीस वर्षे सेवा केलेल्यास पुढे काम न घेता अर्धे वेतन द्यावे असा नियम शुक्रनीतीत आढळतो; मात्र हा ग्रंथ फार उत्तरकालीन, कदाचित एकोणिसाव्या शतकातलाच, असावा असे मत साधार मांडले गेले आहे. म्हणून अर्ध्या वेतनाच्या नियमाला प्राचीन म्हणून मिरवण्यात अर्थ नाही.

मराठी राज्यातील दप्तरांत या तरतुदींना स्वतंत्र नावे होती. लढाईत पडलेल्या शिपायाच्या कुटुंबाच्या पोषणासाठी ‘बालपरवेशी’ असे. विद्वान, देवस्थाने व आश्रित यांना ‘वर्षासन’ मिळे. ‘वर्षासन’ या शब्दात ‘आसन’ नाही. तो ‘वर्ष’ आणि ‘अशन’ यांचा समास आहे. वर्षभराचे अन्न, असा त्याचा अर्थ. ‘तनखा’ हा फार्सी शब्दही असाच आहे. ‘तन’ म्हणजे शरीर आणि ‘ख्वाह’ म्हणजे इच्छा; शरीराला जे हवे ते, अशी त्याची फोड कोशकार देतात. आजच्या ‘महागाई भत्ता’ या शब्दप्रयोगातील ‘भत्ता’ हाही बहुधा ‘भक्त’, म्हणजे शिजवलेले अन्न, या संस्कृत शब्दातून आलेला आहे. अर्थशास्त्रातील वर उल्लेखिलेल्या वचनात जे अन्न आहे ते ‘भक्त’च.

व्युत्पत्तीवरून आजचा हक्क सिद्ध होत नाही, याची लेखकाला जाणीव आहे. परंतु या शब्दांतून एक गोष्ट निश्चितपणे हाती लागते. अशा तरतुदीचे माप मुळात अन्नाचे होते, नाण्याचे नव्हते. धान्य महागले म्हणून वर्षभराचे अन्न कमी होत नाही. वर्षाचे ठरीव रुपये मात्र कमी होतात. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. घाटावरील प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे.

३. अनुग्रह की हक्क

आधुनिक अर्थाच्या पेन्शनीशी महाराष्ट्राची पहिली मोठी ओळख झाली ती एका राज्याच्या अखेरीने. १८१८ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन होताना वार्षिक ८ लाख रुपयांची पेन्शन स्वीकारली आणि तो बिठूरला जाऊन राहिला. १८५१ च्या जानेवारीत तो निधन पावला, तेव्हा दत्तक पुत्र नानासाहेबांना ती पुढे चालविण्यास डलहौसीच्या सरकारने नकार दिला. ही पेन्शन बाजीरावाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी होती, हे नानासाहेबांचे म्हणणे. ती एका व्यक्तीच्या हयातीपुरती होती, हे कंपनीचे. १८५३ मध्ये अझीमुल्लाखानाला लंडनला पाठवूनही उपयोग झाला नाही. वाद केवळ पैशाचा नव्हता. मूळ शब्दांत ‘कुटुंब’ कोठवर येते, या अर्थनिर्णयाचाही होता. आणि तो निर्णय देणारा पक्षच तो करीत होता.

१८७१ च्या पेन्शन अधिनियमाने ही स्थिती कायद्यात बसवली. सरकारने दिलेल्या पेन्शनी व महसुलाच्या देणग्या यांविषयीचे दावे अधिकाऱ्याच्या दाखल्याशिवाय दिवाणी न्यायालयाने ऐकू नयेत, असे त्यात ठरले. जे मागता येत नाही ते देणे नव्हे, दान होय. अनुग्रहाची कल्पना ती हीच.

स्वातंत्र्यानंतर ही कल्पना बदलली. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार व विकलता या प्रसंगी लोकसाहाय्य मिळण्याची तरतूद करण्यास राज्याला सांगितले. मात्र आर्थिक क्षमतेची मर्यादा घालून. १९६४ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेने, नानासाहेबांना जे नाकारले गेले होते ते सामान्य सरकारी नोकराच्या विधवेला दिले. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नसून ती मालमत्ता आहे असा निर्णय दिला. त्याहून प्रसिद्ध तो १७ डिसेंबर १९८२ चा डी. एस. नकारा यांच्या खटल्याचा निर्णय. निवृत्तिवेतनाचे वाढीव सूत्र ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच द्यावयाचे, आधीच्यांना नाही, असे केंद्र सरकारने ठरवले होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने केवळ तारखेवरून केलेला हा भेद समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला. निवृत्तिवेतन म्हणजे पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आणि वार्धक्यातील सामाजिक न्यायाचे साधन, ही भूमिका त्या निर्णयाने मांडली. म्हणून १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तांच्या संघटना ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळतात.

मात्र भाषा कायद्याइतक्या लवकर बदलत नाही. १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांतही निवृत्तिवेतनाला भावी सद्वर्तनाची अट जोडलेली आहे. पूर्वीच केलेल्या कामाचे वेतन पुढील वागणुकीवर अवलंबून का असावे, याचे उत्तर अनुग्रहाच्या जुन्या कल्पनेतच सापडते.

४. चार व्यवहार

आता घाटावरील चौघांकडे वळू. प्रत्येकाच्या ‘पेन्शनी’ला तीनच प्रश्न विचारावेत : ठरलेले काय आहे, ते भावांबरोबर वाढते काय, आणि आजारात त्याचा उपयोग काय? तिसरा प्रश्न पुढील परिच्छेदासाठी राखून पहिल्या दोहोंचा विचार येथे करू.

गुरुजींचे निवृत्तिवेतन १९८२ च्या नियमांचे आहे. पूर्ण सेवेनंतर अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तीवर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता, असे त्याचे स्वरूप. येथे मिळावयाचे काय ते ठरलेले आहे. त्यासाठी लागणारा पैसा कोठून आणावयाचा ही राज्याची चिंता आहे. त्यात ‘भत्ता’ आहे, म्हणजे अन्नाचे माप अंशतः तरी शिल्लक आहे.

तरुण शिक्षकाची गोष्ट निराळी. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत येणाऱ्यांना ‘नवीन परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’ लागू झाली; पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत समाविष्ट झाली. हे लांबलचक नाव व्याकरणदृष्ट्या फार प्रामाणिक आहे. ‘परिभाषित’ हे विशेषण ‘अंशदान’ या शब्दाला लागले आहे, ‘निवृत्तिवेतना’ला नव्हे. कर्मचाऱ्याने वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के भरावयाचे, शासनानेही आपला वाटा घालावयाचा, आणि तो वाटा २०१९ पासून १४ टक्के झाला. एवढेच काय ते ठरलेले. अखेरीस साठलेल्या रकमेचा कमाल ६० टक्के भाग रोख मिळतो व किमान ४० टक्क्यांची ‘वार्षिकी’ विकत घ्यावी लागते. ती किती रुपयांची असेल हे बाजार ठरवतो. वर्षासन आणि वार्षिकी हे दोन्ही शब्द ‘वर्षा’वरूनच आले, पण पहिल्यातील अन्न दुसऱ्यात उरले नाही.

शीर्षकातील एका विशेषणाची जागा बदलली आणि वार्धक्यातील जोखीम राज्याकडून व्यक्तीकडे गेली. बहुतेकांनी तेव्हा ‘निवृत्तिवेतन योजना’ हे अखेरचे दोन शब्द वाचले. त्याचा उमज पडावयास जवळजवळ दोन दशके लागली. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेने १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर संप झाला. ‘जुनी’ हे विशेषण लोकांनी स्वतः शोधले. कारण एका शब्दाखाली दोन वस्तू आहेत हे सांगण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता. संपानंतर तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीने विचार केला. आणि केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘एकीकृत निवृत्तिवेतन योजना’ जाहीर करताच राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचे ठरवले. केंद्राच्या या योजनेत २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची व महागाईनुसार वाढीची हमी आहे. म्हणजे अंशदान कायम ठेवून ‘परिभाषित’ हे विशेषण पुन्हा लाभाकडे नेण्याचा तो यत्न होय.

तिसरा व्यवहार कारखान्यातील गृहस्थांचा. शिरोळ तालुका हा उसाचा. सहकारी साखर कारखान्यांत येथील पुष्कळ घरांनी उमेदीची वर्षे घातली. हे कामगार १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत येतात. मालकाच्या भविष्य निर्वाह निधीतील अंशदानापैकी वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम या योजनेत वळते व केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. दोन्ही एका वेतनमर्यादेपर्यंतच. ही मर्यादा २००१ मध्ये ६५०० रुपये होती व सप्टेंबर २०१४ मध्ये १५००० झाली. हंगामी कामगाराचा हंगाम पूर्ण वर्ष म्हणून धरावा, अशी साखर धंद्याला उपकारक तरतूदही तीत आहे.

सूत्र साधे आहे. निवृत्तिवेतनार्ह वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणावे व ७० ने भागावे. उदाहरणादाखल वेतन ६५०० आणि १९९५ नंतरची सेवा १४ वर्षे धरली, तर महिना १३०० रुपये येतात. त्यापूर्वीच्या सेवेबद्दल मिळणारी लहान रक्कम वेगळी. १५००० च्या मर्यादेत ३५ वर्षे सेवा झाली तरी ७५०० होतात. या योजनेत लाभाचे सूत्र ठरलेले आहे, म्हणून ती दुसऱ्या प्रकारातली नव्हे. परंतु तीत भत्ता नाही, म्हणून ती पहिल्या प्रकारातलीही नव्हे. निवृत्तीच्या दिवशी जे रुपये ठरले तेच पुढे चालू राहतात, आणि त्यांत येणारे धान्य मात्र दर वर्षी घटते. सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन १००० रुपये करण्यात आले. ते ७५०० करावे, त्यावर महागाई भत्ता द्यावा आणि पतिपत्नींना मोफत वैद्यकीय उपचार मिळावेत, या मागणीसाठी या निवृत्तांनी देशभर चळवळ चालवली. महाराष्ट्रात बुलढाणा हे तिचे एक मुख्य केंद्र राहिले.

घाटावरच्या प्रश्नाचे उत्तर ते हे. गुरुजींच्या पेन्शनीत भत्ता आहे, कामगाराच्या पेन्शनीत नाही. आणि दोघांनाही ‘पेन्शन’च म्हटल्यामुळे ही उणीव नावात कोठेही दिसत नाही.

चौथा व्यवहार त्या शेतमजूर बाईंचा. तिला मिळते ती ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजने’ची रक्कम. वय ६५ हून अधिक आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१००० रुपयांच्या आत, या तिच्या मुख्य अटी. २०२३ मध्ये ही रक्कम महिना १००० वरून १५०० रुपये करण्यात आली. हिच्याशी जोडलेली केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी ७५ रुपयांनी सुरू झाली. २००६ मध्ये केंद्राचा वाटा २०० रुपये झाला, आणि ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी तो पुढील पंधरा वर्षे तेवढाच राहिला.

या योजनेचे नाव भाषाभ्यासकाने बारकाईने पाहावे. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या बाईला ‘वेतन’ असे कधी नव्हतेच, रोजगार होता. आणि ‘निवृत्ती’ही नव्हती, अंग चालेनासे झाले एवढेच. तरीही शासनाने ‘अनुदान’ न म्हणता ‘निवृत्तिवेतन’ म्हटले. याच राज्यातील १९८० च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या नावाशी तुलना केली म्हणजे हा फरक जाणवतो. आईबापांची कावड खांद्यावर घेणाऱ्या पुत्राचे नावही राज्याने स्वतःस घेतले. शब्द म्हणून ही योजना चौघांत सर्वांत पुढे गेली आहे : नोकरी केली नाही तरी जन्मभराचे श्रम ही सेवाच होय, असे ती म्हणते. रक्कम म्हणून ती सर्वांत मागे आहे. कावडीचे नाव घेतल्यावर तिच्या पारड्यात काय ठेवले हेही विचारावे लागते.

५. आजाराची बाजू

वार्धक्यातील खर्चाचा मोठा भाग औषधाचा. येथेही शब्दांतच वस्तुस्थिती सापडते. १९६१ च्या महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियमांत ‘देखभाल’ आहे. पण ते नियम सेवेतील कर्मचारी व त्याचे कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. ज्या वयात देखभालीची गरज वाढू लागते, त्या वयाच्या उंबरठ्यावर ती संपते. शिवाय या नियमांतील नेहमीचा शब्द ‘प्रतिपूर्ती’ हा आहे. प्रतिपूर्ती म्हणजे रिते झालेले पुन्हा भरणे; त्यासाठी आधी भांड्यात काही असावे लागते.

दुसरा शब्द ‘आरोग्य विमा’. २०१२ मध्ये सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा आणि संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत घेतले. हा बदल लहान नाही. घाटावरील गुरुजी आणि शेतमजूर बाई या एका बाबतीत प्रथमच एका रांगेत आली; कारण येथे नोकरीचा प्रकार विचारला जात नाही, वय विचारले जाते.

तथापि हा विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा आहे. शस्त्रक्रियेसाठी वाडीचा मनुष्य मिरजेस किंवा कोल्हापुरास जातो, तेव्हा तो उपयोगी पडतो. रक्तदाबाची व मधुमेहाची रोजची गोळी, डोळ्यांचे थेंब, तपासणीसाठी एस्टीचे भाडे हा खर्च मात्र त्याबाहेर राहतो आणि तो महिन्याच्या पेन्शनीतूनच होतो. तेरा-चौदाशे रुपयांतून औषध आणावयाचे की धान्य, ही निवड मग घरात मुकाट्याने केली जाते. बहुधा औषध मागे पडते. म्हणून निवृत्तिवेतन आणि आरोग्यसंरक्षण हे दोन विषय वेगळे मानणे चुकीचे आहे. भत्ता नसलेली पेन्शन आणि रोजच्या औषधाचा विचार न करणारा विमा, ही एकाच भिंतीतील दोन भगदाडे होत.

६. एक आक्षेप

या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो व तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. वृद्धांची संख्या वाढते आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. सरकारी नोकर हा समाजाचा लहान भाग. त्यांच्या निवृत्तिवेतनावर अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा खर्च झाला, तर शेतमजूर बाईच्या रकमेसाठी पैसा कोठून येणार? काही राज्ये जुन्या योजनेकडे परतू लागली तेव्हा रिझर्व्ह बँकेनेही पुढील काळातील बोजाविषयी इशारा दिला होता.

आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासला पाहिजे. गुरुजींचा भत्ता काढून घेतला म्हणून कामगाराला भत्ता मिळत नाही. २००५ मध्ये नव्या कर्मचाऱ्यांची हमी गेली; त्यामुळे केंद्राचे २०० रुपये ३०० झाले नाहीत. उलट एका वर्गाची हमी हे उरलेल्यांच्या मागणीचे माप असते. कामगाराने ‘माझी का वाढत नाही’ असे विचारले, ते गुरुजींची वाढताना दिसली म्हणूनच. ते माप नाहीसे झाले तर प्रश्नही नाहीसा होईल, गरज होणार नाही. तेव्हा टिकवावयाचे ते केवळ एका वर्गाचे उत्पन्न नव्हे. वार्धक्याची जोखीम एकट्याने वाहावयाची नाही, आणि जे ठरवावयाचे ते अन्नाच्या मापाने, हे तत्त्व टिकवावयाचे आहे. खर्चाची वाटणी कशी करावी याचे मार्ग पुष्कळ असू शकतील. एकीकृत योजनेत अंशदान आणि हमी यांचा जो मेळ घातला आहे, तो त्यांपैकी एक.

७. उपसंहार

संविधानाच्या ३६६ व्या अनुच्छेदात ‘पेन्शन’ची व्याख्या आहे. अंशदायी असो वा नसो, कोणत्याही प्रकारचे निवृत्तिवेतन, उपदान, भविष्य निर्वाह निधीतील वर्गणीची परतफेड, हे सर्व तीत सामावते. संविधानाच्या कामापुरती ही व्यापक व्याख्या योग्यच. परंतु सार्वजनिक चर्चेत शब्दाची अशी व्यापकता दुर्बळाच्या हिताची नसते. चार व्यवहारांना एकच नाव दिल्याने सर्वांत कमी हमीचा व्यवहार सर्वांत अधिक हमीच्या व्यवहाराची प्रतिष्ठा उसनी घेतो, आणि आपणास काय मिळालेले नाही हे घेणाऱ्याला कळत नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी शासननिर्णय, योजनांची नावे आणि निवृत्तांचे प्रत्यक्ष बोलणे हे संशोधनाचे साहित्य म्हणून पाहावे, असे सुचवावेसे वाटते. विशेषणाचा अन्वय कोणत्या नामाशी लागतो हा आपल्या वर्गातील पहिल्या वर्षाचा प्रश्न. परंतु ‘परिभाषित अंशदान’ या दोन शब्दांत तो लाखो कुटुंबांच्या पुढील आयुष्याचा प्रश्न ठरला.

वाडीला पूर नवा नाही. पाणी चढू लागले म्हणजे घरातील कागद प्रथम माळ्यावर जातात, आणि २०१९ व २०२१ च्या पुरांत तर ते घेऊन गाव सोडावे लागले. लेखकाच्या घरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जमिनीच्या उताऱ्याबरोबर वडिलांचा निवृत्तिवेतनाचा आदेशही असे. ज्या घरांत असा आदेश आहे, त्यांतील वृद्धाला पूर ओसरल्यावर पुढच्या महिन्याची निदान खात्री असते. ‘हयातीचा दाखला’ या शब्दांत मनुष्य हयात आहे एवढेच लिहिलेले असते. ती हयात कशावर चालावी हे लिहिलेले नसते. ते कोठे तरी, स्पष्ट शब्दांत आणि वाढत्या भावांचा विचार करून, लिहिले जावे एवढीच घाटावरील त्या चौघांची मागणी आहे.